जावातनं बाहेरची कमांड चालवली की एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल जातात कुठं?

"दादा, टर्मिनलवर चालतंय की, मग जावातनंच का चालंना?"

सांगली-मिरजेकडं कुणी नवीन पोरगं जावावर कामाला लागलं की हा प्रश्न आज ना उद्या येतोच. आणि बहुतेक वेळा कमांड अगदी बरोबर असते, परमिशन असते, फाइल जागेवर असते, सगळं असतं, फक्त टर्मिनलवर तिला जे एनव्हायर्नमेंट मिळत होतं ते जावाकडनं मिळालेलं नसतं. किंवा मिळालेलं असतं, पण डॉलरचं चिन्ह वाचून त्याच्या जागी खरी किंमत भरणारं मधे कुणीच नसतं. ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि लोक त्या एकातच कालवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मुळात एनव्हायर्नमेंट म्हणजे काय ते बघू. प्रत्येक प्रोसेसजवळ, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमजवळ, नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक यादी असते. पाथ म्हणजे कमांड कुठल्या कुठल्या फोल्डरमधे हुडकायच्या, होम म्हणजे युजरचा स्वतःचा फोल्डर कुठला, लँग म्हणजे भाषा आणि अक्षरांचं एन्कोडिंग, टीझेड म्हणजे टाइमझोन. नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, कोडमधे ती इंग्रजी कॅपिटलमधे टाकायची, आणि लिनक्सवर कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो, विंडोजवर पडत नाही, हेही लक्षात असू द्या. किंमत कायम स्ट्रिंगच, नंबर-बिंबर असला प्रकार नाही. युनिक्समधे ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि तेव्हापासून मूळ नियम एकच, प्रोसेस जन्माला येताना यादी मिळते ती कॉपी.

कॉपी म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स समजा. झेरॉक्सवर तुम्ही पेनानं काय पायजे ते खरडा, तलाठ्याकडच्या रेकॉर्डला काही होत नाही, आणि उद्या रेकॉर्डमधे फेरफार झाला तर तुमच्या खिशातल्या जुन्या झेरॉक्सवर तो आपोआप उमटत नाही. एनव्हायर्नमेंटचं असंच आहे, पॅरेंट प्रोसेस, म्हणजे सुरू करणारी, चाइल्डला, म्हणजे तिनं सुरू केलेल्या प्रोसेसला, कॉपी देते, चाइल्ड ती बदलू शकते, तिच्या पुढच्या पिलावळीला बदललेली कॉपी देऊ शकते, पण उलटं वर काही जात नाही. म्हणून जावातनं एक स्क्रिप्ट चालवली, तिनं आत एक्सपोर्टनं एखादं व्हेरिएबल ठरवलं, आणि मग जावातनं दुसरी कमांड चालवून ते व्हेरिएबल तिथं दिसेल अशी अपेक्षा धरली तर ते कधीच दिसणार नाही. पहिली प्रोसेस मेली, तिची कॉपी तिच्याबरोबर गेली. काही जण तर "एक्सपोर्ट" हीच कमांड म्हणून जावाला देतात, तिथं तर थेट आयओएक्सेप्शन येतं, एरर २, अशी फाइल नाही. बरोबरच आहे, कारण एक्सपोर्ट नावाचा प्रोग्रॅम डिस्कवर नसतोच, तो शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधे तुमची ओळ वाचून कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातला शब्द आहे.

हाच नियम आयडीईला, म्हणजे इक्लिप्ससारख्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरला, लागू. विंडोजच्या सेटिंगमधे जाऊन नवीन व्हेरिएबल टाकलं, इक्लिप्स मात्र सकाळपासून उघडंच आहे, आणि प्रोग्रॅमला व्हेरिएबल नल येतंय. येणारच, इक्लिप्सला सकाळची कॉपी मिळाली होती. बंद करून परत उघडा. जावा स्वतःसुद्धा ही यादी एकदाच वाचून ठेवतं, चालू जेव्हीएममधे (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसमधे) बाहेरचे बदल झिरपत नाहीत.

आता समोर काहीतरी ठेवून बोलू. समजा मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर आहे, जावात लिहिलेलं, लिनक्स सर्व्हरवर चालतं. सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी तयार होते, तिची पीडीएफ काढायला लिबरऑफिसची कमांड चालते, रात्री पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घ्यायला पीजीडंप चालतं, आणि बॅकअपच्या झिपला तारीख लावायला एक शेल स्क्रिप्ट आहे. तीन कमांडी, आणि तिन्ही एनव्हायर्नमेंटवर कुठं ना कुठं अडकतात.

जावात सगळ्यात आधी लोक सिस्टिम डॉट सेटप्रॉपर्टी वापरून बघतात. त्यानं काही होत नाही. सिस्टिम प्रॉपर्टी ही जेव्हीएमच्या आतली वस्तू आहे, ऑपरेटिंग सिस्टिमला तिचा पत्ताच नाही, म्हणून बाहेरच्या कमांडला ती दिसायचं कारणच नाही. हा गोंधळ व्हायला जावाच थोडं जबाबदार आहे, कारण जुन्या काळी जावावाल्यांनी ठरवलं होतं की एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रत्येक सिस्टिमवर वेगळे, मग आपल्या कुठंही चालणाऱ्या भाषेत ते कशाला, आणि १.४ मधे गेटएनव्ही बोलावलं तर चक्क एरर फेकला जायचा की हे बंद आहे, प्रॉपर्टी वापरा. जावा ५ मधे, म्हणजे २००४ ला, ते परत सुरू केलं. पण वाचण्यापुरतंच. सिस्टिम डॉट गेटएनव्ही जो मॅप देतं त्यात पुट करायला गेलात तर अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन. चालू जावा प्रोसेसचं स्वतःचं एनव्हायर्नमेंट बदलायची सरळ सोय जावात नाही, रिफ्लेक्शनचे उद्योग करून बदलणारे महाभाग आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका, जावाच्या नव्या व्हर्जननी तो रस्ता बराचसा बंदच केलाय.

मग चाइल्डला वेगळी किंमत द्यायची कशी? त्याच जावा ५ मधे प्रोसेसबिल्डर आला, त्याच्यावर एनव्हायर्नमेंट नावाची मेथड आहे, ती एक मॅप देते, त्यात आधीच तुमच्या जावाच्या सगळ्या व्हेरिएबलची कॉपी भरलेली असते. तुम्ही त्यात पुट करा, रिमूव्ह करा, क्लिअर करा, मग स्टार्ट म्हणा. स्टार्टच्या आधी बरं का, नंतर केलेला बदल चालू प्रोसेसला पोचत नाही.

जुना रस्ता म्हणजे रनटाइम डॉट एक्झेक, त्याला कमांडबरोबर स्ट्रिंगचा दुसरा अ‍ॅरे देता येतो, "नाव=किंमत" अशा ओळींचा. इथं खड्डा असा आहे की हा अ‍ॅरे आधीच्या यादीत भर घालत नाही, आख्खी यादी बदलतो. तुम्ही फक्त पासवर्डची एक ओळ दिली की चाइल्डला तेवढी एकच ओळ मिळणार, होम गेलं, लँग गेलं, पाथ गेला. लिबरऑफिसला आपला प्रोफाइल फोल्डर तयार करायला होम लागतं, ते नसलं की पट्टीची पीडीएफ अडकू शकते आणि माणूस लिबरऑफिसलाच शिव्या घालत बसतो. दुसरं म्हणजे एखाद्या ओळीत बरोबरचं चिन्ह विसरलं तर जावा ती ओळ गुपचूप सोडून देतं, एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. मला विचाराल तर नवीन कोडमधे रनटाइम डॉट एक्झेक वापरूच नये. त्याची एकाच स्ट्रिंगमधे सगळी कमांड घेणारी तऱ्हा जावा १८ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नका असं सांगितलेली, आहे, कारण ती स्पेस दिसली की तुकडा पाडते, अवतरण चिन्हांना भीक घालत नाही, "हळद पट्टी" असं स्पेसवालं फाइलचं नाव दोन अवतरणांत टाकलं तरी त्याचे दोन तुकडे होतात आणि अवतरणं तुकड्यांना चिकटून पुढं जातात.

खात्री करून घ्यायला सगळ्यात सोपी कमांड म्हणजे डेट. सर्व्हर बहुतेक ठिकाणी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. प्रोसेसबिल्डरला फक्त "डेट" द्या, इनहेरिटआयओ म्हणा म्हणजे आउटपुट थेट तुमच्या स्क्रीनवर येईल, चालवा. मग मॅपमधे टीझेड च्या नावानं "एशिया/कोलकाता" टाका, परत चालवा. तारखेची वेळ साडेपाच तास पुढं. तुमच्या जावाचं घड्याळ होतं तिथंच आहे, सर्व्हरचं पण तिथंच आहे, फक्त त्या एका डेटला वेगळी कॉपी मिळाली. रात्री बारानंतर, पहाटेच्या आत घेतलेल्या बॅकअपला आदल्या दिवसाची तारीख लागते ती यूटीसीमुळंच, आणि त्याला हा एवढाच उपाय आहे.

गंमत बघायची असेल तर तिथं "एशिया/सातारा" टाकून बघा. असला टाइमझोन जगात नाही, पण बऱ्याच लिनक्स सिस्टिमवर डेट तक्रार करत नाही, गपचूप यूटीसीची वेळ दाखवतं आणि झोनच्या जागी नुसतं "एशिया" छापतं. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की अरे वा, एशिया आलंय, झालं काम. टीझेड ची किंमत रिकामी स्ट्रिंग दिली तरी यूटीसीच. रिकामी किंमत देणं आणि व्हेरिएबलच नसणं ह्यात फरक आहे, व्हेरिएबल काढायचं असेल तर रिमूव्ह करा, रिकामं पुट करू नका. आणि नल तर पुट करूच नका, लगेच नलपॉइंटरएक्सेप्शन येतं. हे बऱ्याचदा असं होतं की किंमत कुठल्यातरी कॉन्फिग फाइलमधनं येते, फाइलमधे ती ओळ नसते, आणि एक्सेप्शन मात्र पुटच्या ओळीवर दिसतं.

आता दुसरी भानगड, आणि माझ्या मते जास्त लोकांना घोळात घेते ती हीच. टर्मिनलवर तुम्ही "एको $होम" लिहिता तेव्हा एको नावाच्या कमांडला $होम कधीच दिसत नाही. मधे बॅश नावाचं शेल बसलेलं असतं, ते डॉलर बघतं, यादीत होम हुडकतं, किंमत भरतं आणि मग एकोला तयार माल देतं. जावा प्रोसेसबिल्डरनं कमांड सुरू करतं तेव्हा मधे बॅश नसतं. कुणीच नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमला थेट सांगितलं जातं की हा प्रोग्रॅम, हे त्याचे आर्ग्युमेंट, हे त्याचं एनव्हायर्नमेंट, कर सुरू. मग एकोला $होम जसंच्या तसं मिळतं आणि तो पडद्यावर $होम असंच छापतो. होम यादीत होतं, एकोपर्यंत पोचलंही होतं, पण डॉलरचा अर्थ लावणं हे एकोचं कामच नाही. तारांकन, पाइप, मोठा-लहानची चिन्हं, टिल्डा, ह्या सगळ्याचं हेच, सगळी शेलची कामं.

हाच नियम किंमत देताना पण लागतो आणि तिथं जास्त नुकसान करतो. पाथमधे एक फोल्डर वाढवायचाय म्हणून कुणी पुट करताना किंमत लिहितं "$पाथ:/ऑप्ट/हळद/बिन", बॅशच्या सवयीनं. जावात डॉलर भरला जात नाही, त्यामुळं चाइल्डच्या पाथचा पहिला फोल्डर अक्षरशः "$पाथ" नावाचा होतो, जो अस्तित्वात नाही, आणि खरे सगळे फोल्डर उडाले. स्क्रिप्टच्या आत एलएससारखी साधी कमांड पण सापडेना होते. करायचं असं की मॅपमधनं आधी जुनी किंमत गेट करा, तिच्या पुढं नवीन फोल्डर जोडा, मधे फाइल डॉट पाथसेपरेटर टाका, कारण लिनक्सवर कोलन (:) असतो आणि विंडोजवर अर्धविराम (;). तसंच किंमतीभोवती सवयीनं अवतरणं टाकू नका, बॅश ती काढून टाकतं, जावा काढत नाही, ती किंमतीचाच भाग होऊन जातात. पासवर्ड बरोबर असून लॉगिन होईना झालं की एकदा हे तपासा.

पाथचाच अजून एक पेच आहे जो लवकर लक्षात येत नाही. वर सांगितल्यासारखा चाइल्डचा पाथ नीट बदलला, त्यात तुमच्या कमांडचा फोल्डर घातला, आणि तीच कमांड प्रोसेसबिल्डरला नुसत्या नावानं दिली, तरी लिनक्सवर "अशी फाइल नाही" येऊ शकतं. कारण कमांड हुडकताना जावा स्वतःच्या, म्हणजे पॅरेंटच्या पाथमधे बघतं. मॅपमधला नवीन पाथ चाइल्ड सुरू झाल्यावर तिच्या कामाला येतो, तिला हुडकायला नाही. म्हणून मी कमांडचा पूर्ण पत्ताच देतो, स्लॅशपासून सुरू होणारा, म्हणजे शोधाशोधीचा विषयच संपला.

डिरेक्टरी मेथडचं पण असंच एक अर्धवट प्रकरण. तिनं चाइल्ड वेगळ्या फोल्डरमधे सुरू होते हे खरं, पण पीडब्ल्यूडी नावाचं जे व्हेरिएबल असतं त्यात जुनाच फोल्डर राहतो, जावा त्याला हात लावत नाही. चाइल्ड शेल असेल तर ती स्वतः सुधारून घेते, दुसरा एखादा प्रोग्रॅम त्या व्हेरिएबलवर विसंबून असेल तर फाइली भलतीकडंच पडतात.

आता कधीकधी शेल पायजेच असतं, पाइप आहे, बऱ्याच कमांडी एकामागनं एक आहेत. मग प्रोसेसबिल्डरला तीन तुकडे द्यायचे, पहिला शेलचा पत्ता म्हणजे स्लॅश बिन स्लॅश एसएच, दुसरा डॅश सी, आणि तिसऱ्यात आख्खी ओळ. विंडोजवर सीएमडी डॉट ईएक्सई, स्लॅश सी, आणि मग ओळ, तिथं डॉलरच्या ऐवजी नावाच्या दोन्ही बाजूला टक्क्याचं चिन्ह. हे चालतं. पण इथं लोक एक धोक्याचं काम करतात, तिसऱ्या तुकड्यात युजरनं भरलेली माहिती जोडून टाकतात. आपल्या यार्डात पार्टीची नावं कशी असतात बघा, "अमुक आणि कंपनी" मधला "आणि" बहुतेक जण & ह्या चिन्हानं टाइप करतात. ते नाव ओळीत जसंच्या तसं जोडलं की शेलला वाटतं & च्या आधीची कमांड बॅकग्राउंडला टाकायची आहे, आणि नंतरचा शब्द ही नवीन कमांड. मग लॉगमधे येतं "कंपनी: नॉट फाउंड". बिचाऱ्या आडत्याचं नाव कमांड म्हणून चालवायला गेलं. इथं नुसता एरर आला, पण नावाच्या जागी कुणी मुद्दाम अर्धविराम टाकून पुढं फाइली उडवायची कमांड लिहिली तर शेल ती पण इमानदारीत चालवेल.

इथं एनव्हायर्नमेंट खरं कामाला येतं. पार्टीचं नाव ओळीत जोडायचं नाही, मॅपमधे पार्टी नावानं पुट करायचं, आणि ओळीत फक्त "$पार्टी" लिहायचं, दुहेरी अवतरणांसकट. शेल आधी ओळीची रचना ठरवतं आणि मग किंमत भरतं, त्यामुळं किंमतीत & असो, अर्धविराम असो, एकेरी अवतरण असो, ते नुसतं अक्षर राहतं, हुकूम होत नाही. अवतरणं मात्र विसरायची नाहीत, ती नसली तर स्पेसवर तुकडे होतात आणि तारांकन पसरतं. ही युक्ती लिनक्सच्या शेलपुरती आहे, विंडोजचं सीएमडी टक्क्यातली किंमत आधी भरतं आणि मग ओळ वाचतं, तिथं हे संरक्षण मिळत नाही. आणि लिनक्सवर पण एकदा ह्याच दारातनं चोर शिरला होता, २०१४ चा शेलशॉक. बॅशमधे असा बग होता की व्हेरिएबलची किंमत विशिष्ट कंसांनी सुरू झाली तर ते तिला फंक्शन समजायचं आणि मागं जोडलेला कोड सुरू होतानाच चालवायचं. तो कधीच दुरुस्त झाला, तरी कुणाच्या कपाटात जुना सर्व्हर असेल तर बॅश अपडेट आहे का बघा. शेल लागतच नसेल तर सगळ्यात बरं, नाव वेगळा आर्ग्युमेंट म्हणून सरळ द्या, तिथं & ला काही अर्थच नाही.

बॅकअपच्या पासवर्डकडं येऊ. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहिला तर त्या सर्व्हरवरचा कुठलाही युजर पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारून तो वाचू शकतो, लिनक्सवर कमांडची ओळ साधारणपणे सगळ्यांना दिसते. एनव्हायर्नमेंट मात्र ज्याची प्रोसेस त्याला आणि रूटलाच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरलाच, दिसतं. म्हणून पोस्टग्रेससाठी पीजीपासवर्ड ह्या व्हेरिएबलमधनं देतात, ओळीत देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तरी पोस्टग्रेसवालेच सांगतात की त्यापेक्षा होम फोल्डरमधली पीजीपास फाइल वापरा, परमिशन ०६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता येईल अशी, ठेवून, आणि मायएसक्यूएलनं तर मायएसक्यूएल_पीडब्ल्यूडी हे व्हेरिएबल ८.० पासून डेप्रिकेटेडच केलंय. पीजीडंपला डॅश स्मॉल डब्ल्यू पण द्या, म्हणजे पासवर्ड नसला तर ते विचारत बसत नाही, सरळ एरर देऊन बाहेर पडतं. नाहीतर ते पासवर्डची वाट बघतंय, तुमचं जावा त्याच्या संपण्याची वाट बघतंय, आणि सकाळी दुकान उघडल्यावर कळतं की बॅकअप रात्रभर तिथंच उभा आहे.

उलट्या बाजूनं पण बघा. तुमच्या जावाच्या एनव्हायर्नमेंटमधे क्लाउडच्या चाव्या, पेमेंटच्या चाव्या, काय काय असतं, आणि प्रोसेसबिल्डर त्या सगळ्याची कॉपी पीडीएफ काढणाऱ्या लिबरऑफिसला पण देतो, त्याला त्याची काय गरज? जिथं बाहेरचा, फारसा भरवशाचा नसलेला प्रोग्रॅम चालवायचाय तिथं आधी क्लिअर करा आणि मग पाथ, होम, लँग असं मोजकंच पुट करा. विंडोजवर सिस्टिमरूट नसलं तर काही प्रोग्रॅम उभेच राहत नाहीत, ते तेवढं जावा स्वतःहून घालतं.

लँगवर मराठी माणसानं जरा थांबायलाच पायजे. पट्टीच्या फाइलचं नाव "हळद_सांगली" ठेवलं, आपल्या लॅपटॉपवर पीडीएफ मस्त निघाली, सर्व्हरवर कंटेनरमधे, म्हणजे डॉकरसारख्या बंद डब्यात, टाकलं आणि लिबरऑफिस म्हणतंय फाइल नाही. लॉगमधे नाव बघितलं तर "???_??????". मोजून बघा, आधी तीन प्रश्नचिन्हं, मग सहा, कारण सांगलीतला काना, अनुस्वार आणि वेलांटी पण वेगवेगळं मोजलं जातं. कंटेनरमधे बऱ्याचदा लँग नसतंच, मग जावा १७ आणि त्याच्या आधीची जावा समजते की इथं फक्त इंग्रजी अक्षरं चालतात, आणि आर्ग्युमेंटमधल्या प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घालते. आता लोक काय करतात, प्रोसेसबिल्डरच्या मॅपमधे लँग पुट करतात. उपयोग शून्य, कारण प्रश्नचिन्हं पॅरेंटनं, म्हणजे तुमच्या जावानंच घातली, चाइल्ड जन्मायच्या आधी. लँग जावाला स्वतःला सुरू होताना मिळालं पायजे, कंटेनरच्या फाइलमधे किंवा सर्व्हिसच्या फाइलमधे, किंमत "सी.यूटीएफ-८" दिली तरी भागतं. जावा १८ पासून फाइलीतल्या मजकुराचं डिफॉल्ट यूटीएफ-८ झालंय, तरी लँग नीट द्या, कारण चाइल्डला पण ते लागतंच.

आणि कमांडचं आउटपुट जावात वाचून त्याचे तुकडे पाडणार असाल तर चाइल्डला एलसी_ऑल मुद्दाम ठरावीक द्या, ते लँगच्या वरचढ असतं. एरवी एका सर्व्हरवर महिन्याचं नाव इंग्रजीत, दुसऱ्यावर मराठीत, आणि सॉर्टचा क्रम पण सर्व्हरगणिक वेगळा.

टर्मिनल आणि सर्व्हर ह्यातला मोठा फरक अजून एक. तुम्ही बॅशआरसीत, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतं त्या फाइलीत, लिहिलेले एक्सपोर्ट फक्त तुमच्या टर्मिनलसाठी आहेत. सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) सर्व्हिस ती फाइल वाचत नाही, तिला तिच्या युनिट फाइलमधे एनव्हायर्नमेंट किंवा एनव्हायर्नमेंटफाइल अशी ओळ लागते. ठरल्या वेळी कमांड चालवणारं क्रॉन पण वाचत नाही, त्याचा पाथ तर बहुतेक वेळा स्लॅश यूएसआर स्लॅश बिन आणि स्लॅश बिन एवढाच असतो. जावा क्रॉनमधनं सुरू झालं की जावाला गरीब यादी, आणि जावाकडनं चाइल्डला त्याच गरीब यादीची कॉपी. काही दारांवर तर यादी मुद्दाम काढून घेतली जाते. दुसऱ्या युजरच्या, बहुतेकदा रूटच्या, हक्कानं चालवायला कमांडीच्या आधी सुडो लावलं की ते डिफॉल्टनं एनव्हायर्नमेंट साफ करतं, तुम्ही जावातनं दिलेला पीजीपासवर्ड पीजीडंपपर्यंत पोचतच नाही. एसएसएचनं दुसऱ्या मशीनवर कमांड पाठवली तर व्हेरिएबल नेटवर्क ओलांडत नाहीत, दोन्हीकडच्या सेटिंगमधे परवानगी दिलेली सोडून. डॉकर रन केलं तर डॅश ई नं एकेक सांगून द्यावं लागतं.

म्हणून अडकलात की कोड वाचत बसण्याआधी एक करा. प्रोसेसबिल्डर तोच ठेवा, मॅप तोच, डिरेक्टरी तीच, फक्त कमांडच्या जागी "एनव्ह" टाका. विंडोजवर सीएमडी, स्लॅश सी, सेट. चाइल्डला नेमकं काय मिळतंय ते ओळीओळीनं समोर येतं, टर्मिनलवर पण एनव्ह मारा आणि दोन याद्या शेजारी ठेवून बघा. फरक तिथंच सापडतो, अवतरणं चिकटलेली, "$पाथ" अक्षरशः बसलेलं, होम गायब. सुडो किंवा डॉकर मधे असेल तर ते तसंच ठेवून त्याच्या पलीकडं एनव्ह टाका, नाहीतर तुम्ही दाराच्या अलीकडची यादी बघताय. रिडायरेक्टएररस्ट्रीम चालू करा म्हणजे एररचा मजकूर पण हाताला लागेल, आणि आउटपुट वाचत राहा, लिनक्सवर पाइपमधे साधारण ६४ केबी मावतं, ते भरलं आणि तुम्ही वाचलं नाही की चाइल्ड तिथंच थांबते. शेलकडनं एक्झिट कोड १२७ आला तर कमांड सापडली नाही, म्हणजे पाथकडं बघा, १२६ आला तर सापडली पण चालवता येईना, म्हणजे परमिशन बघा.

चाइल्ड आधीच चालू आहे आणि बंद करता येत नाही, असं असेल तर जावा ९ पासून प्रोसेसवर पीआयडी मेथड आहे, तो नंबर घ्या आणि लिनक्सवर स्लॅश प्रॉक, तो नंबर, स्लॅश एन्व्हायरन ही फाइल वाचा, त्याच युजरनं किंवा रूटनं. ओळी तुटलेल्या नसतात, मधे शून्य बाइट असतात, टीआर नं त्यांच्या जागी नवी ओळ घाला. दिसतं ते जन्माच्या वेळचं एनव्हायर्नमेंट, आणि आपल्याला तेच पायजे असतं. एक मात्र, जावातनं दुसरं जावाच सुरू केलं असेल आणि त्या यादीत जावा_टूल_ऑप्शन्स दिसलं तर मेमरीचे आकडे बघून घ्या, मोठ्या जेव्हीएमसाठी तिथं घातलेली सेटिंग ते पोरगं पण उचलतं, आणि तसं उचलल्याची एक ओळ एररच्या आउटपुटवर छापतं, जी एररस्ट्रीम एकत्र केलेली असली की तुमच्या पार्सरला पहिलीच ओळ म्हणून मिळते.